‘मुलीसारखी ठेवली आहे’ म्हणणाऱ्या माझ्या नागपूरकरांसाठी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. वाचून राग आला तर माझ्यावर काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

ऑगस्ट २०२३. महिना संपत आला होता. बेसा भागातल्या एका फ्लॅटचं वीजबिल थकलं म्हणून वीज कंपनीचे कर्मचारी लाईन कापायला गेले. घरातली मंडळी बंगळुरूला गेलेली, दाराला कुलूप. आणि खिडकीत एक पोरगी, मदत मागणारी. वय बारा. बंगळुरूहूनच आणलेली, ‘शिकवतो’ म्हणून. प्रत्यक्षात घरकामाला जुंपलेली. अंगावर मारहाणीच्या आणि चटक्यांच्या खुणा असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. गुन्हा दाखल झाला. टीव्हीवर चर्चा झाली. आपण सगळ्यांनी ‘राक्षस आहेत’, ‘फाशी द्या’ असं लिहून घेतलं. मीही लिहिलं होतं. मग गणपती आले आणि विषय संपला.

मला तेव्हापासून एकच गोष्ट छळते आहे. त्या पोरीला सोडवलं कोणी? नंतर शेजारी धावले, पोलीस आले, संस्था आल्या, ते सगळं खरं. पण पहिल्यांदा दार वाजवलं ते थकलेल्या बिलानं. समजा त्या महिन्याचं बिल वेळेवर भरलं असतं तर? मोबाईलवरून दोन मिनिटांत बिल भरता येतं राजेहो. दोन मिनिटांचं काम कोणी विसरलं म्हणून एक पोरगी सुटली. आपल्या शहराच्या दक्षतेचा हिशोब एवढाच आहे.

फ्लॅट म्हणजे काही जंगलातलं भुयार नव्हे. कुठल्याही सोसायटीत जा. गेटवर चौकीदार असतो, त्याच्या वहीत पाहुण्याच्या गाडीचा नंबर लिहिला जातो. दूधवाला येतो, सिलिंडरवाला येतो, कचऱ्याची गाडी येते. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, त्यावर कोणाच्या कुत्र्यानं कुठं घाण केली याचे फोटो पाच मिनिटांत पडतात. कोणाच्या बाल्कनीतून पाणी टपकते यावर तीन दिवस भांडण चालतं. आणि त्याच इमारतीत, शाळेच्या वेळेत, एक दहा-बारा वर्षांची पोट्टी बाल्कनीत कपडे वाळत घालताना दिसते, तेव्हा कोणालाच काही दिसत नाही. दिसते हो, सगळ्यांना दिसते. पण आपण एक वाक्य तयार ठेवलं आहे, ते डोळ्यांवर ओढून घेतो.

‘मुलीसारखी ठेवली आहे.’

माझं भांडण त्या बेसाच्या फ्लॅटवाल्यांशी नाही. त्यांचं कोर्ट बघेल. माझं भांडण या वाक्याशी आहे.

चटके देणारे थोडे असतात. त्यांना आपण राक्षस म्हणतो आणि मोकळे होतो, कारण राक्षस म्हटलं की तो आपल्यातला राहत नाही. पण चटके न देता, उपाशी न ठेवता, दिवाळीला नवा फ्रॉक घेऊन देऊनही माणूस गुलाम ठेवता येतो. तो प्रकार धरमपेठेत आहे, मनीष नगरात आहे, वर्धमान नगरात आहे. शिकल्या-सवरल्या घरांत आहे. तिथं कोणी किंचाळत नाही, म्हणून वीज कापायला माणूस आला तरी काही कळणार नाही.

आता माझ्या घरचं सांगतो. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी ते सांगणं भाग आहे.

मी पाचवीत होतो. महालात आमचं एकत्र कुटुंब, वाड्यात चौदा माणसं. बालाघाटकडून एक मुलगी आली, माझ्याच वयाची. तिचा बाप कोणाच्या तरी ओळखीनं सोडून गेला. आजीनं तिला दुसरं नाव ठेवलं. ते दुसरं नाव मला आठवते. खरं नाव आठवत नाही.

ती पहाटे सडा टाकायची, भांडी घासायची, आजीचे पाय चेपायची. माझा डबा भरून द्यायची. रात्री स्वयंपाकघरात ओट्याखाली पोतं टाकून झोपायची. तिला कोणी मारलं नाही. जेवण आमच्यासोबतचंच, फक्त सगळ्यांच्या नंतर. पैसे? बाप पोळ्याला आणि दिवाळीला यायचा, तेव्हा आजोबा त्याच्या हातात द्यायचे. तिच्या हातात रुपया पडलेला मी पाहिला नाही. एकदा माझं बालभारतीचं पुस्तक उघडून चित्रं पाहत बसली होती. आजी रागावली नाही. फक्त म्हणाली, ‘काम झालं का गं?’ तिनं पुस्तक मिटलं.

पाच वर्षांनी बाप आला आणि घेऊन गेला. लग्न ठरलं म्हणाला. तेव्हा ती पंधरा वर्षांची असेल. आम्ही एक साडी दिली. कोणाशी ठरलं, कुठं ठरलं, कोणी विचारलं नाही. आजही घरात विषय निघाला की म्हणतात, ‘किती चांगली होती पोर, मुलीसारखी ठेवली होती आपण.’

मुलीसारखी? माझी बहीण त्याच घरात होती. तिचं नाव कोणी बदललं नाही. ती ओट्याखाली झोपली नाही. ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, आज बँकेत आहे. मग ‘मुलीसारखी’ म्हणजे नेमकी कोणाच्या मुलीसारखी?

आमचे लोक वाईट नव्हते. आजी वारकरी होती, मुंगीलाही साखर टाकायची. तरीसुद्धा आमच्या घरात एक गुलाम होती. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

‘गुलाम’ हा शब्द जड वाटतो ना? वाटू द्या. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली १८७३ साली आणि अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना ती अर्पण केली. सातासमुद्रापलीकडच्या गुलामांशी आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचं नातं त्यांना दिसलं होतं. १८७३ ते २०२३, बरोबर दीडशे वर्षं. आपण त्या पुस्तकाचे कार्यक्रम केले, हार घातले. आणि त्याच वर्षी आपल्याच शहरात एक पोरगी खिडकीत उभी राहून मदत मागत होती.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी २०२२ मध्ये अंदाज दिला की जगात जवळपास ५ कोटी लोक आधुनिक गुलामीत आहेत. त्यातले सुमारे २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या लग्नात. आता गुलाम ओळखायचा कसा, कारण बेड्या तर दिसत नाहीत? मी चार साधे प्रश्न वापरतो.

तिला उद्या जायचं म्हटलं तर जाता येते का?
तिच्या कामाचा पैसा तिच्या नावावर किंवा तिच्या हातात येतो का?
आईशी ती स्वतःहून, कोणी बाजूला उभं नसताना, फोनवर बोलू शकते का?
ती शाळेत जाते का?

या चारही प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ असतील, तर तुम्ही तिला पिझ्झा खाऊ घाला नाहीतर एसीत झोपवा, ती गुलामच आहे. पिंजरा सोन्याचा असला म्हणून राघू काही पाहुणा होत नाही.

बेड्या दिसत नाहीत म्हटलं, पण त्या दिसतातही. बेसाच्या दोनच महिने आधी, जून २०२३ मध्ये, धाराशिव जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहिरी खोदणाऱ्या ११ मजुरांची सुटका केली. दिवसभर विहिरीत राबवायचे आणि रात्री पळून जाऊ नये म्हणून साखळदंडानं बांधायचे. एजंटांनी त्यांना पैसे घेऊन ठेकेदाराच्या हवाली केलं होतं. त्यांतला एक निसटला म्हणून बाकीचे सुटले.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली लेकरं मेंढपाळांकडे राबताना आढळली. आईबापाला काय मिळालं होतं? थोडे पैसे आणि एक मेंढी. त्यातली एक दहा वर्षांची मुलगी मेली, तेव्हा गोष्ट बाहेर आली.

नीट बघा. एक प्रकरण बाहेर आलं कारण माणूस पळाला. दुसरं बाहेर आलं कारण लेकरू मेलं. तिसरं बाहेर आलं कारण बिल थकलं. एकही प्रकरण असं नाही की सरकारी यंत्रणेनं आपणहून जाऊन शोधलं.

आता हे लोक येतात कसे ते बघू. गोणीत कोंबून, बेशुद्ध करून पळवून आणतात, असं सिनेमात असते. खऱ्यात बहुतेक वेळा पळवून आणत नाहीत, बोलवून आणतात. गावातलाच कोणी असतो. कोणाची तरी मावशी, कोणाचा साडभाऊ, आधी शहरात गेलेली एखादी ‘दीदी’. तो आईबापाला दोन-पाच हजार देतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरगा आजारी असतो, सावकार दारात असतो. ऊसतोडीत याला उचल म्हणतात, वीटभट्टीवरही असंच आगाऊ देणं असते. नाव काही द्या, गाठ तीच. पैसा आधी हातात येतो आणि माणूस नंतर बांधला जातो. तो पैसा कधी फिटत नाही, कारण हिशोबाची वही मालकाच्या कपाटात असते.

आणि आपलं नागपूर तर देशाच्या मधोमध. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई, दोन्ही लाईनी इथंच एकमेकींना कापतात. त्या डायमंड क्रॉसिंगचे फोटो आपण अभिमानानं टाकतो. पण ज्या रुळांवरून संत्री जातात त्याच रुळांवरून लेकरंही जातात. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, बिहारमधून निघालेली मुलं-मुली याच फलाटांवरून पुढे जातात. रेल्वे सुरक्षा दल मुलं उतरवून घेते, ते चांगलं काम आहे, त्याला माझा सलाम. पण फलाटावर उतरवलेली मुलं मोजली जातात. फलाट ओलांडून रिक्षात बसलेली आणि आपल्या लिफ्टमधून वर आलेली मुलं कोण मोजते?

माणसांच्या तस्करीचं नाव काढलं की आपल्या शहराला एकच जागा आठवते, गंगा-जमुना. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी ती वस्ती सील केली. गल्ल्यांच्या तोंडाशी बॅरिकेड लागले. बाया रस्त्यावर आल्या, ज्वाला धोटे त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, मोठा वाद झाला. तिथं अल्पवयीन मुली आणल्या जातात हा पोलिसांचा मुद्दा होता आणि तो मुद्दा मी उडवून लावणार नाही. एक जरी मुलगी तिथं विकून आणलेली असेल तर तिला सोडवलंच पाहिजे. विकणाऱ्याला आणि ठेवणाऱ्याला तुरुंगात टाकलंच पाहिजे.

पण बॅरिकेडनं गल्ली बंद होते, धंदा बंद होत नाही. तो दुसऱ्या वस्तीत, लॉजवर, मोबाईलवर जातो, आणि तिथं आणलेली मुलगी आणखी एकटी पडते. शिवाय सज्ञान बाईला पकडून जबरदस्तीनं सुधारगृहात डांबता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या बायांना सन्मानानं वागवा म्हणून पोलिसांना निर्देश दिले. पीडित कोण आणि गुन्हेगार कोण, एवढा तरी फरक बॅरिकेड लावणाऱ्यानं केला पाहिजे ना भाऊ?

त्या वेळी सगळ्यांत जोरात टाळ्या कोणी वाजवल्या आठवते? आपण. ‘शहर स्वच्छ झालं’ म्हणालो. त्या गल्लीला बॅरिकेड लागलं की आपल्या मनाला बरं वाटते, कारण पाप कुठं आहे याचा पत्ता ठरून जातो. लकडगंजच्या पलीकडे पाप, अलीकडे आपण. दोन वर्षांनी बेसानं तो पत्ता खोटा ठरवला.

‘कायदाच कडक नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा कायदा सांगतो. कंटाळू नका.

चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवायला बंदी आहे १० ऑक्टोबर २००६ पासून. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर आपल्याच कुटुंबाच्या कामात हातभार लावण्यासारखे मोजके अपवाद सोडून सगळ्याच कामांना बंदी आहे, शिक्षा ६ महिने ते २ वर्षं कैद. बाल न्याय कायद्यानुसार, अठरा वर्षांखालच्या मुलाला कामासाठी डांबून ठेवलं किंवा त्याची कमाई अडवली, तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार अल्पवयीन मुलाची तस्करी केली तर किमान १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आणि कर्जाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवण्याची पद्धत तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं मुळातून संपवली. त्या कायद्यात असं कर्जच रद्द होते, आणि ‘हे कर्ज वेठबिगारीचं नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे.

या सगळ्याच्या वर आहे संविधानाचं कलम २३. माणसांचा अपव्यापार, वेठबिगारी आणि सक्तीच्या मजुरीला मनाई. हा मूलभूत हक्क आहे. बहुतेक मूलभूत हक्क सरकारच्या विरोधात असतात. हा तुमच्या-माझ्याविरुद्धही चालतो, घरमालकाविरुद्ध, ठेकेदाराविरुद्ध, भट्टीवाल्याविरुद्ध. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्ट केलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लावणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, कारण माणसाला भूक आणि गरिबीही सक्ती करते. ‘ती आपल्या मर्जीनं राहते’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

हे कलम ज्या संविधानात आहे, त्याचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या वेठीविरुद्ध विधेयक आणलं होतं. जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबायचं, पिढ्यानपिढ्या राबायचं, आणि याला ‘हक्क’ म्हणायचं, हा खेळ त्यांनी तेव्हाच ओळखला होता. आपण दरवर्षी दीक्षाभूमीवर जातो, संविधान चौकात उभे राहतो. आणि घरी येऊन नऊ वर्षांच्या पोरीच्या हातून पाण्याचा ग्लास घेतो. त्या ग्लासातलं पाणी घशाखाली उतरते कसं?

म्हणजे कायदा भरपूर आहे. अडते कुठं? सुटकेनंतर.

छापा पडतो, फोटो येतो, पोरगी बालगृहात जाते. मग? वेठबिगारीतून सुटलेल्या माणसाला जिल्हा प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळायला पाहिजे. केंद्राच्या योजनेत लगेचच्या मदतीसाठी ३० हजारांपर्यंत रक्कम आहे. पुढच्या पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, बाई आणि मुलांना २ लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या प्रकरणांत ३ लाख. पण मोठी रक्कम अखेर खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे, आणि आपले खटले किती वर्षं चालतात ते तुम्हाला माहीत आहे. तोवर पोरगी कुठं जाते? परत त्याच गावात, त्याच कोरड्या घरात, त्याच दीदीच्या तावडीत. पुढच्या वेळी नागपूरऐवजी दुसरं शहर.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये जाहीर केलं होतं की २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार शोधून मुक्त करायचे. १९७८ पासूनचा सरकारी आकडा आहे सुमारे ३ लाख. या वेगानं १ कोटी ८४ लाखांना किती शतकं लागतील, त्रैराशिक मांडा. शाळेत शिकवलं होतं.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, माझ्याच नातेवाइकांनी तोंडावर मारले आहेत.

‘गावात उपाशी मेली असती, आमच्याकडे दोन घास तरी खाते.’ अरे बाप्पा, मग दोन घास द्या ना. तिच्या गावी महिन्याला धान्य पाठवा, तिच्या शाळेचा खर्च उचला. उपकारच करायचा आहे तर तो भांडी न घासता का होत नाही? ज्या उपकाराच्या बदल्यात पहाटे पाचला उठावं लागते, त्याला उपकार नाही, मजुरी म्हणतात. आणि मजुरी दिली नाही तर त्याला वेठ म्हणतात.

‘आधी तिच्या आईबापाला पकडा, त्यांनीच विकली.’ ज्यानं एका मेंढीवर लेकरू दिलं, त्याच्याकडे मेंढीही नव्हती, हे आधी समजून घ्या. दोषी असेल तर कायदा त्यालाही सोडणार नाही. पण विकत घेणारा नसता तर बाजार भरला असता का? आपण गिऱ्हाईक आहोत. गिऱ्हाइकानं दुकानदाराला शिव्या द्यायच्या, हा जुनाच धंदा.

‘आम्ही एजन्सीमार्फत आणली, पैसे दिले.’ कोणाला दिले? तिला की एजन्सीला? कोणाच्या खात्यात? तिच्या वयाचा पुरावा पाहिला? माणूस आणण्यासाठी एकरकमी पैसे दिले आणि मग महिन्याचा पगार तिच्या हाती दिला नाही, तर तुम्ही नेमकं काय विकत घेतलं?

‘सोळा-सतरा वर्षांची आहे, कायद्यात बसते.’ चौदाच्या वरच्या मुलांना काही कामं चालतात. डांबून ठेवणं आणि कमाई अडवणं अठरापर्यंत गुन्हाच आहे, आणि अठरानंतर वेठबिगारी आहे. वय वाढलं म्हणून गुलामी कायदेशीर होत नाही.

आणि शेवटचा, सगळ्यांत लाडका. ‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?’ कुत्र्याच्या घाणीत खुपसता ना? मग इथंही खुपसा.

नुसती आरडाओरड करून थांबणार नाही. मागण्या लिहितो.

जिल्हाधिकारी साहेब, १९७६ च्या कायद्यानं तुमच्या जिल्ह्यात दक्षता समिती असणं बंधनकारक आहे. गेल्या तीन वर्षांत तिच्या किती बैठका झाल्या, किती मुक्ती प्रमाणपत्रं दिली, किती जणांच्या हातात किती रुपये पडले, हे तीन आकडे जाहीर करा. छाप्यांचे आकडे नकोत. मी माहिती अधिकारात अर्ज टाकतो आहे. तुम्हीही टाका. एकाचा अर्ज फायलीत जातो, पन्नासांचा टेबलावर येतो.

पोलीस आयुक्तांना, भाडेकरूची माहिती द्या म्हणून घरमालकाला नोटीस देता, तसं घरकामाला राहत्या ठेवलेल्या प्रत्येकाच्या वयाचा आणि मर्जीचा तपास कधी सुरू करता?

कामगार खात्याला, महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. सज्ञान घरकामगार बायांची नोंदणी नीट झाली, त्यांना नीट पगार आणि सुट्टी मिळाली, तर स्वस्तातली पोर आणायची हाव कमी होईल. बाईला तिचा भाव देणं परवडत नाही म्हणून तर लेकरू आणतात.

सोसायट्यांच्या अध्यक्ष-सेक्रेटरींना, पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्या. आमच्या इमारतीत अठरा वर्षांखालचा कोणीही घरकामाला राहणार नाही, आणि दिसला तर आम्ही कळवू. पार्किंगच्या ठरावाला जेवढा वेळ देता तेवढाच द्या.

आणि तुम्हा-आम्हाला. नंबर दोन आहेत, १०९८ आणि ११२. शंका असली तरी फोन करा. पुरावा शोधणं पोलिसांचं काम आहे, तुमचं नाही. खोटी निघाली तर चांगलंच आहे, एक पोरगी ठीक आहे हे कळलं. आणि स्वतः जाऊन दार ठोठावून तमाशा करू नका, पोरीला रातोरात दुसरीकडे हलवतात.

माझ्या इमारतीत मी हा विषय काढला तेव्हा एक काका म्हणाले, ‘तुम्हाला फार पुळका आला हो आता.’ आता आला हे खरंच आहे. चाळीस वर्षांपूर्वी यायला पाहिजे होता, जेव्हा एक मुलगी माझं पुस्तक मिटून उठली होती आणि मी ते परत माझ्याकडे ओढून घेतलं होतं.

तिला मी शोधू शकत नाही. खरं नावच माहीत नाही. ज्या माणसाचं नाव आपण काढून घेतलं, त्याची माफी कोणत्या नावानं मागायची?

तुमच्या घरात, बहिणीच्या घरात, वरच्या मजल्यावर जी आहे, तिचं नाव तरी अजून विचारता येईल. उद्या विचारा. गाव विचारा. आईशी शेवटचं कधी बोलली ते विचारा. उत्तर देताना तिनं आधी मालकिणीकडे पाहिलं, तर समजून जा आणि फोन उचला.

पोस्ट शेअर केली नाही तरी चालेल. फोन मात्र करा. १०९८.